कारैत्तुरैचा आरसा

गोमतीवहिनी मला कुंभकोणमच्या बसस्टँडवर भेटल्या, पण सहज भेटल्या नव्हत्या. इन्नंबूरहून मला शोधतच आल्या होत्या. हातात पिशवी होती, ती रिकामी. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की ह्यांना, म्हणजे माझ्या मित्राला, महालिंगाला, समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. दाराची चौकट दिसते, चौकटीत माणूस उभा आहे हे कळतं, पण त्या माणसाचं तोंड दिसत नाही. कॉफी तंबलरात ओतायला जातात ती शेजारी सांडते. डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली, काही दिवस हे तिकडे जात होते आणि मग जाणंच सोडलं. मूर्तींच्या कारखान्यात कुणाला हे ठाऊक नाही.

“आणि आतां देवीचे डोळे उघडायला निघालेत,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सांगा, भावोजी. तुमचं ऐकतील.”

महालिंग माझं ऐकेल असं मला वाटत नव्हतं. माझं कुणी फारसं ऐकलेलं मला आठवत नाही. मी वीज मंडळात मीटर वाचायला होतो. घरोघरी जायचं, आकडा पाहायचा, लिहायचा आणि निघायचं. बोलावं लागत नसे म्हणूनच ती नोकरी मला मानवली. लिहिण्याचा सरावही तेवढाच, आकड्यांचा. तरी महालिंगाबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. दोघांच्याही घरी मराठी, भोसल्यांच्या वेळी आमचे पूर्वज तंजावरला आले तेव्हाची. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. महालिंग नववीत नापास झाला आणि त्याचे वडील त्याला स्वामीमलैला एका स्थपतीच्या कारखान्यात सोडून आले. तिथे पंचधातूच्या देवमूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिला कावेरीच्या मातीचं आवरण द्यायचं, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू ओतायचा. माती फोडल्यावर आतून जे काळं, ओबडधोबड निघतं त्याला छिन्नीनं रूप द्यायचं. हे शेवटचं काम महालिंगाच्या हाती आलं. नखं, बोटांची पेरं, कमरपट्ट्याचे मणी, लुगड्याच्या निऱ्या. त्यानं घडवलेली बोटं पाहून लोक हात पुढे करत, खरोखरची असल्यासारखी.

पण डोळे त्याच्याकडे कधी आले नाहीत. मूर्तीचे डोळे कारखान्यात पुरे करत नाहीत. पापण्यांच्या रेषा तेवढ्या असतात, आत सपाट. मूर्ती देवळात पोचल्यावर, मुहूर्त पाहून, पडद्याआड, सोन्याच्या टोकाच्या छिन्नीनं बुबुळं कोरायची. त्याला डोळे उघडणं म्हणतात आणि ते स्थपतीच्या घराण्यातल्या माणसानंच करायचं. महालिंग त्या घराण्यातला नव्हता, त्या जातीचाही नव्हता. कारखान्यात सगळे त्याला ‘रायर’ म्हणत, आम्हा मराठी लोकांना तिकडे म्हणतात तसं. म्हातारे स्थपती त्याला म्हणाले होते, “रायर, हात तुझा आमच्यापेक्षा बरा. पण डोळे आमचे.” महालिंग हे हसत सांगायचा. चाळीसेक वर्षं त्यानं हे हसतच सांगितलं. नंतर नंतर तो हसतो आहे की काय करतो आहे ते मला कळेनासं झालं.

गेल्या कार्तिकात घडलं ते असं. वेदारण्यच्या पुढे, मिठागरांच्या पलीकडे, कारैत्तुरै नावाची कोळ्यांची वस्ती आहे. गज नावाच्या वादळात त्यांच्या देवळावर ताडाचं झाड पडलं आणि उत्सवाच्या देवीचा हात तुटला. मोडकी मूर्ती पुजायची नाही, म्हणून त्यांनी नवी अम्मन करायला दिली होती. मूर्ती तयार झाली, मुहूर्त ठरला, आणि दोन दिवस आधी स्थपतींच्या घरातले थोरले काका वारले. सुतक लागलं. भावकी मोठी, स्वामीमलैतली अर्धी गल्ली सुतकात. आता कारखाना चालवतो तो त्या म्हाताऱ्या स्थपतींचा मुलगा त्यागराज. त्याला हातात छिन्नी धरता येईना, त्याच्या भावांना, चुलतभावांना येईना. मुहूर्त चुकवायला गाव तयार नव्हतं. ज्याला सुतक नाही आणि ज्याचा हात चालतो असा एकच माणूस होता, कारण तो त्यांचा कुणी लागत नव्हता.

वहिनींना हो म्हटल्यामुळे मी कारखान्यात गेलो. महालिंग अम्मनच्या पुढ्यात बसला होता. मूर्ती दीड हाताची असेल. त्यानं मान जराशी वळवली होती, कोंबडं पाहतं तशी. माझ्याकडे न पाहताच त्यानं मला ओळखलं.

मी बोललो. मला जमेल तसं बोललो. तो ऐकत होता आणि अंगठ्यानं देवीच्या गालावरून हात फिरवत होता.

“गोमती बसस्टँडवर गेली होती काय?” तो म्हणाला. “तिनें सांगितलें सगळें?”

मी म्हटलं, एक रेघ चुकली तर मूर्ती गेली. गावाची मूर्ती आहे.

“तूं आयुष्यभर मीटर पाहिलास, नरसिंहा. तुजला रेघ काय ठाऊक.” मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, “तुझे डोळे बरे आहेत ना अजून? तूं ये मजबरोबर. कोठें चुकतोंय तें सांग.”

मी आढेवेढे घेतले. पण तो म्हणाला, की ह्यापुढे असं सुतक पुन्हा लागायचं नाही. आणि लागलं तरी तोवर आपल्याला कडेचंही दिसणार नाही. मी घरी जाऊन कपड्यांची पिशवी भरली.

गावानं व्हॅन पाठवली होती. अम्मनला पेंढ्यात घालून, वर पिवळं कापड गुंडाळून, तोंड घट्ट बांधून आडवी ठेवली होती. महालिंग तिच्या डोक्यावर हात ठेवून मागे बसला. मन्नारगुडीपर्यंत दोन्हीकडे भाताची शेतं होती. तिरुत्तुरैपूंडीनंतर हिरवं विरळ होत गेलं आणि वेदारण्य ओलांडल्यावर जमीन अशी सपाट झाली की आभाळ अंगावर आल्यासारखं वाटे. ते आभाळ काळं होतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाल्याचं रेडिओवर सांगत होते. मिठाचे ढीग ताडपत्रीखाली झाकून त्यावर दगड ठेवले होते. बिनडोक्याचे माड उभे होते, वादळात शेंडे गेलेले, खांबांसारखे.

कारैत्तुरैत उतरलो तेव्हा मला पहिली जाणीव झाली ती आवाज नसल्याची. समुद्र शंभर पावलांवर होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. तो तिथे उथळ आहे, चिखलाचा. लाटा अशा नाहीत. पाणी नुसतं येऊन पसरतं आणि मागे जातं. होड्या वर ओढून माडांच्या बुंध्यांना बांधल्या होत्या. दारोदार कडुलिंबाचे डहाळे लावलेले. गावानं काप्पु बांधलं होतं, म्हणजे मनगटाला हळदीचा दोरा. तो बांधला की उत्सव पुरा होईतो कुणी वेस ओलांडायची नाही, होडी पाण्यात घालायची नाही. माणसं दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. व्हॅनमधून पिवळं गाठोडं उतरवलं तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवली, लहान मुलांनीसुद्धा.

गावच्या पंचाचं नाव सेतू. पन्नाशीचा, रुंद, सावळा, मऊ आवाजाचा माणूस. त्यानं महालिंगाला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे रायर आहेत, घराण्यातले नाहीत, चालेल ना? त्यागराजनं फोनवर त्याला सांगितलं होतं. तरी त्याला आमच्या तोंडून ऐकायचं होतं. महालिंग म्हणाला, ज्यांना चाललं नसतं त्यांना सुतक आलं. सेतू हसला, पण त्याच्या डोळ्यांना ते हसू पोचलं नाही. मग त्यानं महालिंगाच्या मनगटाला काप्पु बांधलं आणि सांगितलं की गावाचं काप्पु उद्या उतरेल, डोळे कोरणाऱ्याला वेशीचं बंधन नाही, पण त्याचं हे मासी मघमला, म्हणजे माघी पौर्णिमेच्या सुमाराला, उतरायचं. त्या दिवशी अम्मा समुद्रावर स्नानाला येते, तेव्हा तिच्यासमोर पाण्यात उभं राहून मीच सोडीन. तोवर तुम्ही तोडू नका. मी हात पुढे केला तर तो म्हणाला, “तुम्हाला नको, सार.”

संध्याकाळी त्यानं आम्हाला देवळाच्या पडवीत बसवून वहिवाट समजावून दिली. देवीचे डोळे उघडले की तिची पहिली नजर फार कडक असते. ती माणसावर पडू द्यायची नाही. म्हणून दुसरं बुबुळ पुरं होताच समोर आरसा धरायचा. ती स्वतःलाच पाहते, शांत होते. एवढं सगळीकडेच असतं. पण कारैत्तुरैत आणखी एक आहे. पहिल्या नजरेला जे पडलं ते तिचं झालं. तिचं ते ठेवून घ्यायचं नाही, समुद्राला द्यायचं. आरसा वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडायचा.

“आरशाआधी बोकड असायचा,” सेतू म्हणाला. “माझ्या आजोबांनी पाहिलेलं. होडीत घालून नेत.”

मी विचारलं, आरसा सोडला नाही तर काय होतं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

सेतूनं पडवीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. छातीच्या उंचीवर एक राखाडी रेघ होती, पूर्ण भिंतभर. गज वादळात समुद्रानं आणलेला चिखल तिथवर आला होता. वादळाच्या आदल्या वर्षी जुन्या अम्माचे झिजलेले डोळे पुन्हा कोरून घेतले होते. आरसा पितळी चौकटीचा होता, छान होता. कुणीतरी तो पाण्यात न सोडता घरी नेऊन ठेवला. कोण ते सेतूनं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, “जे दिलं नाही ते घ्यायला ती आली.” त्या रेघेवर गावानं चुना मारला नव्हता. पुसायची नाही असं ठरलं होतं.

महालिंग त्या रेघेकडे तोंड करून बसला होता. त्याला ती दिसत होती की नाही कोण जाणे.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. उजाडलं ते उजाडल्यासारखं नव्हतंच. वारा पडला होता, हवा ओल्या कापडासारखी अंगाला चिकटत होती. नागपट्टिणम बंदरावर धोक्याची खूण चढवल्याचं कुणीतरी सांगितलं. गाभाऱ्यापुढे पिवळा पडदा लावला. नियम असा, की आत कोरणारा एकटा. महालिंगानं सेतूला सांगितलं, की माझे दोन्ही हात छिन्नी-हातोडीत असणार, आरसा कोण धरील? हा धरील. सेतूनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“सार, त्यांचे डोळे बरे आहेत ना?” त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. “काल पायरी चढताना त्यांनी पायानं चाचपली.”

मी उत्तर देण्याआधीच आतून महालिंगानं हाक मारली. मुहूर्ताची वेळ झाली होती. पुजारी घंटा वाजवू लागला आणि सेतूनं स्वतः पडदा उचलून मला आत सोडलं. मी बोललो असतो की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

आत समई होती, धूप होता आणि आम्ही दोघं. मी महालिंगाच्या डाव्या अंगाला, आरसा मांडीवर पालथा ठेवून बसलो. नवा, बाजारातला, लाल प्लास्टिकच्या चौकटीचा आरसा. ह्या वेळी कुणाला मोह होऊ नये असा मुद्दाम आणलेला असावा. त्यानं देवीच्या तोंडावरचं कापड सोडलं. दोन्ही अंगठे तिच्या पापण्यांवर ठेवले आणि तसाच थांबला. मग डाव्या अंगठ्याचं नख उजव्या डोळ्याच्या सपाट जागेवर रोवलं आणि नखाला लागून छिन्नी टेकवली.

“सांग.”

मी म्हटलं, किंचित आत. नाकाकडे. आता वर. बस.

त्यानं ठोका दिला. इतका हलका, की मोत्यावर मोती पडल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. छिन्नी फिरवत, ठोके देत त्यानं गोल पुरा केला. बुबुळ जिथे हवं तिथे होतं. इतक्या वर्षांत त्यानं एकही कोरलं नव्हतं, पण किती वेळा मनात कोरलं असेल.

डाव्या डोळ्यावर नख रोवलं आणि बाहेरून वाऱ्याचा एकच झोत आला. पडदा पोटासारखा फुगला आणि समई गेली. बाहेर बायका काहीतरी म्हणाल्या. आत राखाडी अंधार. मला देवीचं तोंड म्हणजे नुसता एक काळा गोळा दिसत होता.

मी कुजबुजलो, की मला दिसत नाही, थांब. पुजाऱ्याला सांगतो.

“आतां तूं बोलूं नकोस,” महालिंग म्हणाला.

आणि ठोके पडू लागले. सारखे, न अडखळता. मी ते ऐकत बसलो. थांबले तेव्हा मी आरसा उचलला, जसं शिकवलं होतं तसा, त्याच्या आणि तिच्या मधे धरण्यासाठी. त्यानं माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं आरसा पुन्हा माझ्या मांडीवर दाबून धरला.

“थांब रे. मजला पाहूं दे.”

“महालिंगा, सोड. सेतूनं काय सांगितलं ऐकलास ना?”

“ऐकिलों.”

तो तिच्या पुढ्यात ताठ बसला. ह्या वेळी त्यानं मान वळवली नाही, कडेनं पाहिलं नाही. सरळ समोर पाहिलं. पडद्याच्या फटीतून थोडा उजेड येत होता. देवीचे दोन्ही डोळे पुरे झाले होते, डावाही, उजव्याइतकाच नेमका. मी नजर खाली वळवली. किती वेळ गेला माहीत नाही. घंटा चालू होती.

“वर्षांमागून वर्षं एवढ्या जणींचे हात केलों, पाय केलों,” तो म्हणाला. “एकीनेंही मजकडे पाहिलें नव्हतें.”

मग त्यानं माझं मनगट सोडलं. “आतां धर आरसा.”

मी धरला. मला पक्कं ठाऊक होतं की त्या आरशाला आता काही अर्थ नाही.

पडदा उघडला. सेतूनं आत पाऊल ठेवण्याआधी विचारलं, “पाहिलं अम्मानं?”

“पाहिलं,” महालिंग म्हणाला. मी आरसा पालथा करून दिला. सेतूनं तो लाल कापडात बांधला. ढोल सुरू झाले. गाव समुद्राकडे निघालं आणि किनाऱ्यावर पोचताच सगळ्यांनी पाण्याकडे पाठ केली. फक्त सेतू गाठोडं डोक्यावर घेऊन पाण्यात शिरला. तो चालत राहिला. घोट्यापर्यंत पाणी, मग पोटऱ्यांपर्यंत. बराच लांब गेला तरी गुडघेच भिजले होते. मी पाठ फिरवायला विसरलो होतो म्हणून मला हे दिसलं. शेवटी कंबरभर पाण्यात त्यानं गाठोडं सोडलं आणि समुद्राकडेच तोंड ठेवून, उलट्या पावलांनी परत येऊ लागला.

माझ्या शेजारी महालिंग नव्हता.

तो वाळूतून पाण्याकडे निघाला होता. पळत नव्हता, अडखळतही नव्हता. देवळाची पायरी चाचपणारा माणूस सपाट रस्त्यावर चालल्यासारखा चालला होता. पाऊल पाण्यात पडता पडता मी त्याला गाठलं आणि त्याचा हात धरला. हात तापलेला होता. तो थांबला.

“त्यांनीं चुकीची वस्तू टाकिली, नरसिंहा,” तो अगदी साधेपणानं म्हणाला.

मी त्याला ओढत वर आणलं. गावाच्या पाठी आमच्याकडे होत्या. कुणी पाहिलं नसावं.

सेतूनं आम्हाला प्रसाद दिला, महालिंगाला वस्त्र दिलं, पाया पडला. त्याच्या आवाजातला ताण गेला होता. रस्ते बंद होतील म्हणून त्यानं घाईनं आम्हाला वेदारण्यला सोडलं आणि बसमध्ये बसवून दिलं. मासी मघमला या, काप्पु विसरू नका, असं खिडकीशी उभं राहून दोनदा सांगितलं. बस निघाली तेव्हा पाऊस नव्हता. ढगही फाटू लागले होते. मिठागरांवर ऊन पडलं आणि ते इतकं पांढरं झालं की मी डोळे मिटून घेतले.

महालिंग खिडकीला डोकं टेकून बसला होता. मला वाटलं झोपला.

“ड्रायव्हर दिवे कां लावीत नाहीं रे?” त्यानं विचारलं. “एवढा काळोख झाला.”

मी घड्याळ पाहिलं. दुपार होती. ऊन त्याच्या मांडीवर पडलं होतं आणि त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. मी म्हटलं, लावील. तिरुत्तुरैपूंडी येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसलो होतो आणि त्याला ते विचित्र वाटलं नाही.

तिरुच्चीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्यांच्या आत रक्त फुटलं. ह्या रोगात होतं असं. ताण पडला असेल, इंजेक्शनं चुकवली, दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी होणं मात्र फारसं पाहिलं नाही. डॉक्टर तरुण होते आणि नीट बोलले. त्यांचं खरं असेल. मी त्यांना बाकीचं काही सांगितलं नाही.

वादळ वर सरकलं, आंध्राच्या बाजूला गेलं. कारैत्तुरैत पानही हललं नाही. सेतूनं फोन करून हे कळवलं. त्यागराज स्वतः इन्नंबूरला येऊन महालिंगाला शाल देऊन गेला. म्हणाला, की आमच्या घराण्यात असे डोळे कुणी कोरले नाहीत. महालिंगानं विचारलं, तुझ्या बापाला हे सांगशील काय? बाप वारल्याला बरीच वर्षं झालीत. त्यागराज हसला आणि घाईनं उठला.

आता महालिंग इन्नंबूरला ओसरीवर बसलेला असतो. समोर शेत आहे, बगळे येतात. मी एक दिवसाआड जातो. तो सुखी दिसतो, हीच गोष्ट वहिनींना सहन होत नाही. सुरुवातीला त्यांनी विचारलं, अगदीच काळोख आहे काय. तो म्हणाला, नाही, दोन दिसतात. मिटले तरी दिसतात. कसले दोन, हे वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी घरातले आरसे काढून कपाटात ठेवले आहेत. आंधळ्या माणसाच्या घरात आरसे कशाला काढले, हे शेजारणींना कळत नाही. मनगटावरचा हळदीचा दोरा आता काळा झाला आहे. तो सोडायला वहिनी हात लावत नाहीत, आणि अंघोळीला बसला की महालिंग तो हात वर धरतो.

गेल्या आठवड्यात सेतूचा पुन्हा फोन आला. त्यानं महालिंगाची चौकशी केली. मी प्रकृती बरी आहे म्हणालो.

“सार, पाणी मागं गेलंय,” तो म्हणाला. “आठ दिवस झाले. होड्या चिखलात बसल्यात. ह्या दिवसांत असं होत नाही.”

मी म्हटलं, भरती-ओहोटीचं असेल काही.

“असेल,” तो म्हणाला. मग त्याच मऊ आवाजात, “आरसा तुम्ही धरला होता ना? तुमच्याच हातात होता ना?”

मी हो म्हटलं. ते खरंच होतं. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला.

हे मी महालिंगाला सांगायला नको होतं. सांगितलं, कारण त्यानं विचारलं. पाणी मागं गेलं का, असंच त्यानं विचारलं, मी काही बोलण्याआधी. मी हो म्हटल्यावर त्यानं मान हलवली, एखाद्या कामाचा निरोप मिळाल्यासारखी. आणि वहिनींना हाक मारून सांगितलं की मासी मघमला आपल्याला कोरं धोतर लागेल.

वहिनी मला दारापर्यंत पोचवायला आल्या. ह्या वेळी त्यांनी मला कुणाला काही सांगा असं म्हटलं नाही. नेऊं नका म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, “काप्पु सोडायला तर जावें लागेलच. त्यांनीं बांधलें, त्यांनींच सोडायचें. पण हात सोडूं नका, भावोजी.”

उद्या पहाटे निघायचं आहे. आज संध्याकाळी मी इन्नंबूरला जाऊन आलो. तो न्हाऊन, दाढी करून बसला होता. विचारत होता की तिथे पाणी किती खोल आहे. मी म्हटलं मला ठाऊक नाही. पण मी सेतूला चालताना पाहिलं आहे. तिथे खूप लांबपर्यंत खोल होत नाही, आणि आता तर पाणीच मागे गेलं आहे. दोघं म्हातारे चालत निघाले तर बराच वेळ लागेल. तेवढ्या वेळात त्याला परत फिरवील असं काहीतरी मला बोलावं लागेल. रात्रभर मी ते शोधतो आहे. नाहीच सापडलं, तर हात तरी धरून ठेवता येईल.